निळ्या दोऱ्याची खोगिरं

सुनेची एक खोड मावशीच्या डोक्यात जायची. ती झालेल्या कामाला हात लावायची. न झालेल्या कामाला लावला असता तर मावशीने एक वेळ तिला मदत म्हटलं असतं, पण या बाईचं सगळं उफराटं. मावशीने गिटार पुरी करावी, तिला दोरा बांधावा, भिंतीशी उभी करावी, की लगेच ही मागच्या खोलीतून ओले हात झटकत येणार, "आई, जरा पुसून ठेवते हं," म्हणणार आणि गिटार काखेत मारून आत नेणार. आत गेलेली गिटार तासाभराने बाहेर यायची.

"पुसायला तास लागतो?" मावशी भर दुकानात विचारायची. "न्हाऊमाखू घालतेस की काय तिला? मग अंगाईपण म्हणत जा."

गिऱ्हाइकं हसायची. काउंटरवर बसलेला तिचा मुलगा मान खाली घालून तारांची पाकिटं उगाच नीट लावू लागायचा. सून एवढंच म्हणायची, "धूळ फार बसते, आई."

"माझ्या कामावर बसायची छाती आहे का धुळीची?"

एवढ्यावर ते थांबायचं. म्हणजे मावशी थांबायची. सून मुळात सुरूच व्हायची नाही, आणि मावशीला त्याचा वेगळा राग यायचा. भांडणारीशी भांडता तरी येतं. ही नुसती उभी राहायची, पावसात विसरून ठेवलेल्या सायकलीसारखी.

मावशी ही गिऱ्हाइकांची मावशी. नवरा गेल्यावर दुकान तिनेच राखलं. पुढे काउंटर, तिथे मुलगा. मध्ये खिडकीखाली कामाचं टेबल, तिथे मावशी. मागे एक छोटी खोली, नळ आणि फळी असलेली, तिथे सून. वरच्या मजल्यावर तिघांचा संसार. दुकानात सगळी तारांची वाद्यं यायची, पण मावशीचं नाव झालं होतं ते बास गिटारसाठी. त्या चार जाड तारांच्या, ढोल्या आवाजाच्या गिटारी. लांबलांबून लोक घेऊन यायचे, आणि यायचे ते एकाच कामासाठी.

बास गिटारच्या खालच्या अंगाला एक धातूची पट्टी असते. गिऱ्हाइकं तिला ब्रिज म्हणतात. मावशीच्या नवऱ्याने तिला घोडी म्हणायला शिकवलं होतं, आणि घोडीवर जे चार ठोकळे बसतात, एकेका तारेखाली एकेक, त्यांना खोगीर. प्रत्येक खोगिराला दोन बारीक पाय, म्हणजे स्क्रूच ते, पण मुगाच्या दाण्याएवढे. ते फिरवले की तार वर किंवा खाली. मागून एक लांब स्क्रू आणि त्यावर स्प्रिंग. तो फिरवला की खोगीर मागे किंवा पुढे. वाजवणाऱ्याच्या हाताचा घाम वर्षानुवर्षं तिथे झिरपतो, स्क्रू गंजून जाम होतात, आणि तार खोगिरात रुतत रुतत चरा पाडते. मग मावशीकडे यायचं. ती तेलाचा थेंब सोडायची, वाट बघायची, पुन्हा सोडायची. जोर कधी करायची नाही. जाम स्क्रू तिच्या हाताखाली शेवटी कुरकुरत फिरायचा, आणि ती म्हणायची, "आलास? सरळ आला असतास तर काय बिघडलं असतं?" झिजलेलं खोगीर काढून त्या जागी पितळेचं नवं, हाताने कापलेलं, हाताने घासलेलं. वर तार बसायला एक खाच. सगळं मरण त्या खाचेत. कानशीने पितळ कापलं की कडेला कुसळं उभी राहतात, डोळ्याला न दिसणारी. एखादं जरी राहिलं तर ते तारेला आतून करकर कापत बसतं.

"बघू नकोस, चाचप," नवरा सांगायचा. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला ही भाषा लगेच कळली. खाचेवरून बोटाचं टोक फिरवायचं. काही टोचलं तर पुन्हा घास. काही टोचलं नाही की झालं. चाळीस वर्षं त्या टेबलावर हीच एक परीक्षा होती, आणि मावशीचं बोट हाच परीक्षक.

आणि बोट दिवसेंदिवस तरबेज होत चाललं होतं. तरुणपणी एका खोगिराला तिला अर्धा दिवस लागायचा. घासावं, चाचपावं, टोचलं म्हणून पुन्हा घासावं. हल्ली घटकाभरात खाच लोण्यासारखी लागायची. "याला म्हणतात हात बसणं," ती मुलाला ऐकवायची. कातडीही अशी कमावलेली की तापलेल्या पितळेची, तापलेल्या सोल्डरची तिला फिकीर नव्हती. मागच्या वर्षी सोल्डरची सळई बोटाला चिकटून राहिली आणि वास आला तेव्हा सून धावत आली, तर मावशी हसली होती. "तुमची बोटं लोण्याची. माझं बघ, चटकासुद्धा नाही."

सून तेव्हा त्या बोटाकडे फार वेळ बघत राहिली होती. पुसायची खोड तिला लागली ती त्याच सुमाराला. पण मावशीने या दोन गोष्टी कधी एकाशेजारी एक ठेवून पाहिल्या नव्हत्या. कशाला पाहील?

मुलाला ते टेबल नको होतं. वाईट नव्हता तो, पण बापाचे हात त्याला मिळाले नव्हते, आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याला दुसऱ्याच्या हातांची कटकट वाटते. "आई, तयार घोड्या मिळतात हल्ली, डब्यात बंद. चार स्क्रू काढा, चार लावा. घासत कोण बसतं? तू आता वर आराम कर, इथे काचेचं कपाट ठेवू." हे तो दर दोन-चार महिन्यांनी म्हणायचा. मावशीचं उत्तर ठरलेलं. "माझ्या हातचं एक काम, एकच, परत आलं ना, की त्या दिवशी मी उठेन. आण मग तुझं कपाट." चाळीस वर्षांत एक परत आलं नव्हतं. त्यामुळे कपाटही आलं नव्हतं.

लिहिण्याचं अंगावर येत असल्यामुळे मावशी चिठ्ठ्या लावायची नाही. काम पुरं झालं की पट्टा अडकवायच्या खुंटीला दोरा बांधायची. जाड, हिरवा, तिहेरी गाठीचा. वाजवणारे तो काढायचे नाहीत. दुसऱ्या वाजवणाऱ्याला दाखवायचे, हे बघ, मावशीकडची आहे. हिरव्या दोऱ्याचं रीळ नवऱ्याच्या वेळचं, पपईएवढं. ते संपलं नेमकं त्या सकाळी, ज्या सकाळी सून माहेरी निघाली.

सुनेची आई जिन्यावरून पडून अंथरुणाला खिळली होती. करायला दुसरं कोणी नव्हतं. सून पिशवी भरून दाराशी उभी राहिली आणि जाईना.

"आता काय मुहूर्त बघतेस? जा की."

"आई, एक सांगू? मी येईपर्यंत खोगिरांची कामं घेऊ नका. तारा बदलायची, स्वच्छ करायची, तेवढीच घ्या."

मावशीने हातातली कानस खाली ठेवली. "का?"

"नाही, म्हणजे... तुम्हाला दम लागतो."

"दम? मी काय डोंगर घासते का?"

सुनेने पिशवीचा बंद सोडला. मग पिशवीतून तिने कापसाचा एक मोठा बोळा काढला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. "हा राहू दे इथे. खोगीर झालं की त्यावरून जरा फिरवा. धूळ निघते."

"तुझी ती धूळ!" मावशी म्हणाली. "घेऊन जा सोबत. तुझ्या आईकडे पुरेशी नसेल."

सून गेली. कापूस राहिला. मावशीने तो खिडकीच्या फटीत कोंबला, तिथून वारा यायचा.

पुढचे बारा दिवस मावशीला स्वर्ग होता. कोणी मागे मागे करणारं नव्हतं. तिने हट्टाने खोगिरांचीच कामं घेतली. सात बास गिटारी केल्या, बारा दिवसांत सात. मुलगा म्हणाला, "आई, हळू." ती म्हणाली, "हात बसलाय." हिरवा दोरा मिळाला नाही म्हणून मुलाने निळा आणला होता. सातही गिटारींना तिने निळा दोरा बांधला, आणि एकही मागच्या खोलीत न जाता थेट गिऱ्हाइकाच्या हातात गेली.

त्यातली पहिली होती उंटाची. उंट म्हणजे एक उंच, वाकलेला बास वाजवणारा. नाव काय असेल ते असो, सगळी गल्ली त्याला उंट म्हणायची आणि तो त्या हाकेला ओ द्यायचा. त्याने आणि त्याच्या ड्रमवाल्या मित्राने तीस वर्षं एकत्र वाजवलं होतं. तो मित्र गेला. शोकसभेत उंट एकटा वाजवणार होता, मित्राने बसवलेली एक धून. म्हणून त्याने गिटार मावशीकडे दिली होती. "चारही खोगिरं नवी करा मावशी. त्या दिवशी कुठे कुरकुर नको."

शोकसभेनंतर चार दिवसांनी तो आला. गिटार टेबलावर आडवी ठेवली. सर्वांत बारीक तार तुटून वर वळली होती.

"कधी?" मावशीने विचारलं.

"मध्येच. अर्धी धून झाली होती."

"मग?"

"मग काय. थांबलो. त्याची बायको समोर बसली होती. उरलेल्या तीन तारांवर वाजवता आलं असतं, पण हात उचलेना." त्याने वळलेली तार बोटाने खाली दाबली. "तारच हलकी निघाली असेल मावशी. तुमचं काम म्हणजे काय, प्रश्नच नाही."

मावशीने तुटलेलं टोक बघितलं. तार वर, ती ताणायच्या खुंटीपाशी तुटली नव्हती, बोट पडतं तिथेही नव्हती. तुटली होती बरोबर खोगिरावर. तिने खाचेवरून बोट फिरवलं. लोणी.

"तारच हलकी," ती म्हणाली. "हल्ली काय, तारा पण चहासारख्या पातळ झाल्यात."

उंट हसला नाही. जाता जाता काउंटरपाशी मुलाला हळूच म्हणाला, पण मावशीचे कान तर अजून घारीसारखे होते, "तुझ्या बायकोने हात लावला असेल का रे? मावशी म्हणतात ना नेहमी."

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली, कॉलेजात वाजवणारी. तिची तार तुटली नव्हती, तळहात कापला होता, जिथे हात घोडीवर टेकतो तिथे. पट्टी बांधून आली होती. तिसऱ्या दिवशी शाळेतले संगीतमास्तर आले, दोन तारा तुटलेल्या. दोन्ही खोगिरावर.

तिन्ही गिटारी टेबलावर आडव्या पडल्या होत्या. तिन्हींच्या खुंटीला निळा दोरा.

मुलाने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि आईसमोर स्टूल ओढून बसला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मावशीला सोपं गेलं असतं.

"आई, एक परत आलं की उठेन म्हणाली होतीस. तीन आली."

मावशीने एका खुंटीवरची निळी गाठ उगाच घट्ट केली.

"की तिनेच काही केलंय? खरं सांग. तूच म्हणतेस ना, झालेल्या कामाला हात लावते म्हणून. तिने बिघडवलं असेल तर गोष्ट वेगळी. मग तिला मागच्या खोलीत पाऊल टाकू देत नाही मी. उद्या सकाळी येतेय ती, समोरासमोर विचारतो."

आणि इथे, खोटं कशाला सांगायचं, मावशीच्या जिवात जीव आला. तिला तेच वाटत होतं. सुनेने जाताना चांगली कानस लपवली असेल. पितळच हलक्या प्रतीचं आणून ठेवलं असेल. काहीतरी केलं असेल खास. उगाच का म्हणत होती कामं घेऊ नका म्हणून?

"विचार," ती म्हणाली. "उद्या विचार."

मुलगा जेवायला वर गेला. मावशी उठली आणि मागच्या खोलीत शिरली. सुनेचा खण उघडायचा आणि कानस शोधून काढायची, म्हणजे उद्या हातात पुरावा हवा.

खणात कानस नव्हती. एक विणायची सुई होती, लोकरीची, आणि तिच्याभोवती अगदी बारीक पॉलिश पेपर गुंडाळलेला, इतका वापरलेला की साध्या कागदासारखा गुळगुळीत झाला होता. खोगिराच्या खाचेत बरोबर बसेल एवढीच जाडी. बाजूला मावशीचंच एक जुनं भिंग. आणि एका डबीत कापसाचे बोळे, पन्नास-साठ तरी. प्रत्येक बोळ्याचे धागे ओढलेले, विस्कटलेले, आणि त्यात पितळेचे कण अडकलेले. खिडकीशी धरले तेव्हा चमकले.

मावशी बाहेर आली. खिडकीच्या फटीतला कापूस तिने ओढून काढला. उंटाच्या गिटारीच्या खोगिरावरून फिरवला.

अडकला.

पुन्हा फिरवला. काटेरी कुंपणाला लोकर अडकावी तसे चार-पाच धागे खाचेच्या कडेला लटकत राहिले. तिने त्याच जागी बोट फिरवलं. लोणी. कापूस फिरवला. अडकला. मुलीच्या गिटारीवर फिरवला, मास्तरांच्या गिटारीवर फिरवला. सगळीकडे पांढरे धागे लटकू लागले.

वर भिंतीवर दुकानाची एक जुनी बास टांगलेली होती, गेल्या हिवाळ्यात तिनेच केलेली. हिरव्या दोऱ्याची, सुनेने तासभर आत नेलेली. तिने ती स्टुलावर चढून काढली. कापूस फिरवला. सरसर गेला, एक धागा राहिला नाही.

हात बसला नव्हता, बोट मेलं होतं. लोणी खाचेत नव्हतंच. घासायला पूर्वी अर्धा दिवस लागायचा कारण बोट सांगायचं, अजून आहे, अजून आहे. आता सांगणाराच उरला नव्हता, आणि त्याच्या गप्प बसण्याला ती शाबासकी समजत होती. किती दिवस? तिने टोकदार आर घेतली आणि बोटाच्या टोकावर दाबली. रक्ताचा थेंब आला. तो तिने नुसता पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. दुसरं बोट, तिसरं बोट. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं तेवढं जरा हुळहुळलं.

ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर गल्लीत कोणीतरी शटर ओढलं. नवऱ्याने केलेलं ते टेबल, त्याच्या डाव्या कडेला तिच्या कोपराने झिजून पडलेली खळगी. त्या खळगीत तिने कोपर ठेवलं. ते बसलं, नेहमीसारखं.

एक गोष्ट तिला अगदी स्पष्ट दिसत होती, आणि ती दिसत होती म्हणून तिला स्वतःची किळस येत होती. गप्प बसलं की झालं. उद्या मुलगा बायकोला विचारेल. ती नेहमीसारखी उभी राहील, काही बोलणार नाही. उंटाला पटलंच आहे. सगळी गल्ली म्हणेल, सुनेने सासूचं काम नासवलं. टेबल राहील, कपाट येणार नाही. कापसाची डबी चुलीत टाकली की कोणाला कळतंय?

मागच्या खोलीत जाऊन तिने डबी हातात घेतली. बराच वेळ ती तशीच हातात राहिली. मग खणात होती तशी ठेवली.

संध्याकाळी तिने मुलाला सांगितलं, "निळ्या दोऱ्याच्या उरलेल्या चारही परत मागव. आजच फोन कर. म्हणावं, वाजवू नका."

"का सांगू?"

"मावशीने मागवल्यात म्हणून सांग. ते पुरे आहे."

सकाळी उंट दार उघडायच्या आधी येऊन उभा होता. गिटार नाही तर हात रिकामे वाटतात म्हणाला. मावशीने त्याला बसवलं. एवढ्यात सून आली. डोळे खोल गेलेले, केस नीट विंचरलेले नाहीत, हातात तीच पिशवी.

"आई कशी आहे तुझी?" मावशीने विचारलं.

"उठून बसते आता. मावसबहीण आलीय सोबतीला." असं म्हणता म्हणता तिची नजर टेबलाकडे गेली. तीन गिटारी. तुटलेल्या तारा. खुंट्यांवर निळा दोरा. ती निघाली तेव्हा दुकानात निळा दोरा नव्हताच. तिला एका क्षणात सगळं कळलं हे मावशीने तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. आणि सुनेने मावशीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

मुलगा काउंटरमागून पुढे आला. "आल्या आल्या विचारतोय, राग मानू नकोस. ही कामं परत आली. यांची भर सभेत तार तुटली. तू जाण्याआधी कापून ठेवलेल्या खोगिरांना हात लावला होतास?"

"लावला असेल," सून म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"लावला होता. घाईत होते. पुसताना ओरखडा पडला असेल माझ्याकडून." तिने पिशवी खाली ठेवली आणि उंटाकडे वळून हात जोडले. "माझं चुकलं. त्या दिवशीचं मला कळलं होतं... तुमच्या मित्राचं. माफ करा."

उंट अवघडून उभा राहिला. "अहो, राहू द्या. होतं असं."

मुलाने आईकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर जरा सुटका दिसत होती, जरा शरम. "बघ आई. तू म्हणत होतीस तेच."

मावशीने उंटाच्या गिटारीवरून कापसाचा बोळा फिरवला आणि तो तिथेच अडकवून सोडला. पांढरे धागे घोडीवर लोंबत राहिले, सगळ्यांना दिसतील असे. मग ती उठली. उठताना टेबलाला धरावं लागलं. स्टूल तिने पायाने सुनेकडे सरकवलं.

"खोटारडी कुठली," ती म्हणाली. "पंधरा दिवस माहेरी होतीस ती, आणि हा दोरा आणला तू गेल्यावर. या सातांना तुझा हात लागलेला नाही, म्हणून तर तुटल्या. हो रे उंटा, ऐक नीट. तुझी तार हिने नाही तोडली, मी तोडली. माझी बोटं मेलीत. वर्षभर मी कुसळं ठेवत गेले आणि ही मागच्या खोलीत बसून एकेक वेचत गेली, आणि मी हिला चारचौघांत बोल लावत गेले. ती सभा काही पुन्हा व्हायची नाही. त्याच्या बायकोकडे मी स्वतः जाणार आहे, तू दार दाखव फक्त. आणि तू गं, रडू नकोस, पितळावर पाणी पडतं. मला सांगितलं का नाहीस हे मी विचारणार नाही. मी तुझं ऐकलंच नसतं, उलट तुलाच घराबाहेर काढलं असतं, हे तुला माहीत होतं आणि मलाही आहे. पण माझ्या मागे माझं काम केलंस, याची शिक्षा आहेच. आजपासून मागच्या खोलीत लपायचं नाही. या स्टुलावर बसायचं, खिडकीखाली, सगळ्यांसमोर. कानस तुझी. कान माझे अजून जागे आहेत. तार ताणून सूर मी जुळवीन, खोगीर मागे घे की पुढे ते मी सांगीन. आणि दोरा हिरवाही नको, निळाही नको, तुला आवडेल तो रंग तू आण. गाठ मात्र मी दाखवीन तशीच मारायची, तुझ्या गाठी सुटतात. हं, बस आता. आधी उंटाची घे, आणि कापूस फिरवल्याशिवाय मला दाखवायला आणू नकोस."